बुटाची नाडी

"एक म्हणतोय, 'एकटीने रंगमंचावर देश उभा केला.' दुसरा म्हणतोय, 'देशाच्या नावावर नुसते हातवारे.' आता तूच सांग आई, खरं कुणाचं?"

आई भाजी निवडत होती.

थोरलीने दोन्ही वर्तमानपत्रं बाजूला सारली. चाळिशीला टेकलेली, शाळेत मुलींना नाच शिकवणारी ही बाई. आयुष्यात पहिल्यांदाच एकटीने नाचाचा प्रयोग केला होता, तोही सीमेवर मारल्या गेलेल्या धाकट्या भावासाठी. समीक्षकांचं काय, एकाने डोक्यावर घेतलं की दुसऱ्याने आपटायचंच. एका बाबतीत मात्र दोघांचं सूत जुळलं होतं. ती मधेच खाली बसून बुटाची नाडी बांधते, ते कशासाठी, हे दोघांनाही कळलं नव्हतं.

"नाडीचं तेवढं काढून टाक," आई म्हणाली.

"तुलाही नाही आवडलं?"

"आवडायचा प्रश्न नाही गं. निघताना तो दारात बसून अशीच दोनदा गाठ मारायचा. त्याचं बाकी सगळं लोकांचं झालं. फोटो चौकात लागला, रस्त्याला नाव दिलं. एवढं एक माझ्याकडे राहिलं होतं. तेही तू चारचौघांत मांडलंस."

अख्ख्या नाचात खरं म्हणावं असं तेवढंच होतं. बाकीचं थोरलीचं तिलाही भाषणासारखं वाटे. पण हे आईला न सांगता तिने नाडी काढून टाकायचं ठरवलं.

दुसऱ्या प्रयोगाला आई आली नाही. संगीत आधीच ध्वनिमुद्रित केलेलं, त्याला कात्री लावायला वेळ कुठला? नाडीची जागा आली तेव्हा थोरली हात खाली सोडून उभी राहिली. दुसरं काही सुचलं नाही म्हणून उभी राहिली, इतकंच. तर पहिल्या रांगेतले पाहुणे ताडकन उठले, आणि त्यांचं बघून सगळं सभागृह उठलं. लोकांना वाटलं, हुतात्म्यांसाठी स्तब्धता पाळायची आहे.

पडदा पडल्यावर व्यवस्थापक धावतच आला.

"ताई, काय ते उभं राहणं! माझ्या अंगावर काटा आला. ते बसायचं काढलंत, फार बरं केलंत."

"हो का," ती म्हणाली.

दोन्ही समीक्षकांनी या खेपेला तोंडभरून कौतुक केलं.

"काढलंस?" आईने विचारलं.

"काढलं."

आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती आत निघून गेली. थोरलीला फार एकटं वाटलं. भाऊ गेला तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. प्रयोग आता गावोगावी लागले होते, आणि प्रत्येक ठिकाणी तेवढा वेळ तिला तसंच उभं राहायचं होतं.