थांबण्याचे दोन ठोके

मित्रांनो, मी आयोवातल्या एका छोट्या गावच्या बँडचा मोठा ढोल. माझं वय मात्र विचारू नका, माझाच गोंधळ उडतो. लाकडी खोड जुनं, कडी त्याहून नवी आणि दोन्ही तोंडांवरची कातडी पानं तर चारदा बदललेली. मग मी नेमका किती वर्षांचा? जाऊ द्या.

दर चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, गावात मिरवणूक निघते. लोक आदल्या दिवशीच रस्त्याकडेला खुर्च्या मांडून जागा अडवतात. पुढे आगीचा बंब, मागे ट्रॅक्टर आणि मधे आम्ही. छप्पन्न वर्षं मला ऑर्व्हिल लिंडक्विस्ट यांनी छातीशी बांधून वाजवलं. आमच्यात नियमच आहे, ढोलाचे दोन जोरदार ठोके सलग पडले की धून संपवून सगळे थांबतात. तोवर कुणीही थांबायचं नाही, अगदी बँडमास्तरांनीसुद्धा! या मानामुळे मी फुगून जायचो, खोटं कशाला बोलू? एरवी वर्षभर मी हॉलच्या कोपऱ्यात पडून असतो आणि लोक माझ्यावर कोट टाकतात.

यंदा निघण्यापूर्वी बँडमास्तर रॉय हेगन ऑर्व्हिलना म्हणाले, "पुढच्या वर्षी तुम्ही खुर्चीत बसून मजा बघा."

"म्हणजे मला मोडीत काढलंत."

"अहो, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झालात! परवा स्वतःच्या घरचा रस्ता चुकलात."

"रस्ता चुकलो, ताल नाही."

ऑर्व्हिल यांची मुलगी जोआन शेजारीच क्लॅरिनेटचे भाग जोडत होती.

मिरवणूक संपते त्या पाण्याच्या टाकीपाशी दोन ठोके पडायचे होते. टाकी आली, टाकी गेली, ठोके पडलेच नाहीत! धून संपून पुन्हा सुरू झाली. बंब वळून निघून गेला, खुर्च्या संपल्या, गाव संपलं, आणि आम्ही मक्याच्या शेतांमधून वाजवत निघालो. ट्रॅक्टरही निमूट आमच्या मागोमाग.

झांजवाला ओरडला, "रॉय, आज जेवायला पुढच्या गावात का?"

"नियम म्हणजे नियम. वाजव!" रॉय घाम पुसत म्हणाले.

ऑर्व्हिल विसरले होते, की मुद्दाम ठोके देत नव्हते? मी त्यांच्या छातीला टेकलेलो, तरी मला काही उमगेना. मला भीती वाटायला लागली.

शेवटी जोआन ओळ मोडून शेजारी आली. "बाबा, ठोके द्या ना."

"दिले की तुम्ही मला खुर्चीत बसवणार."

चार पावलांनंतर त्यांनीच विचारलं, "टाकी आली का गं?"

टाकी केव्हाच मागे राहिली होती. जोआन म्हणाली, "नाही अजून. मी चालते तुमच्याबरोबर."

ती त्यांच्या पावलाला पाऊल जुळवून चालत राहिली. थोड्या वेळानं ऑर्व्हिल म्हणाले, "पाय दुखले बघ," आणि त्यांनी दोन ठोके दिले. सगळे थांबले. त्यांनी चहूकडे पाहिलं.

"गाव कुठे गेलं?"

कुणीही हसलं नाही. रॉयनी टोपी काढली. "मागे राहिलं. तुम्ही ताल धरा, म्हणजे आम्ही नीट परत पोचू."

पुढच्या वर्षी मला कोण बांधेल, मला ठाऊक नाही. मित्रांनो, ढोल कोरड्या जागी ठेवा, त्यावर कोट टाकू नका. पण म्हाताऱ्या माणसाला 'आता थांबा' म्हणण्याआधी चार पावलं त्याच्यासोबत चाला.