सरांची सावड

रागिणीनं रामकिशन सरांचं वाईट चिंतलं ते काही एका दिवसात नाही. लोणचं मुरवावं तसं मुरवून चिंतलं. दहावीतल्या पोरीनं मास्तरावर डूख धरू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही गोष्ट इथंच खाली ठेवावी.

कुरुंद्याच्या हायस्कुलात २००७ साली रोबोटच्या स्पर्धेचं खूळ आलं. अर्ध्या गावानं तो शब्दच तेव्हा पहिल्यांदा ऐकला. रामकिशन सर विज्ञान शिकवायचे. त्यांनी संघ केला. रागिणी लीडर, हाताखाली शिवहार, वैजनाथ आणि पुनम. काय बनवायचं ते रागिणीनंच ठरवलं. ढिगातलं हळकुंड चिमट्यात धरून पाटीत टाकणारा लोखंडी हात. सर म्हणाले झकास. शाळेकडं पैसा नाही, हेही त्याच दमात म्हणाले.

मग सामान आणायचं कुठून? रागिणीला एकच रीत ठाऊक होती, सावडीची. आज तुझा बैल माझ्या वावरात, उद्या माझा माणूस तुझ्या वावरात. कागद नाही, पावती नाही, नुसता शब्द. पण ज्यानं सावडीचा शब्द मोडला, त्याला पुढं कोणी बांधावर उभं करत नाही.

हरिचंदमामाची जुनी जीप वावरातल्या आखाड्यावर, गोठ्याशेजारी, सडत उभी होती, तिच्या वायपरची मोटर पाहिजे होती. मसाजीतात्याकडं बॅटरी होती. शालूबाईच्या बंद पडलेल्या शिलाई मशीनचं चाक आणि पट्टा. मोटर मागायला गेली तेव्हा हरिचंदमामा काचकूच करू लागला. पोरीसोरीच्या शब्दावर कशी देऊ, म्हणाला. तेव्हा सर सोबत होते. त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला.

"द्या हो मामा. सावडीत मीबी हाय. अर्धी पोरीची, अर्धी माही. बाकीच्याईकडंबी असंच धरा."

सर शिरड शहापूरचे, शेतकऱ्याच्या पोटचे. सावड म्हणजे काय हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. सफारी घालायला लागल्यापासून मात्र मातीतला शब्द मातीतच राहतो असं त्यांना वाटायला लागलं होतं. इथंच त्यांचं चुकलं.

रागिणीनं आपली अर्धी फेडायला घेतली. झुंजूमुंजू झालं की हरिचंदमामाचा कापूस वेचायचा, मग शाळा. शाळा सुटली की मसाजीतात्याची मेंढरं. सुट्टीच्या दिवशी शालूबाईच्या तुरीत. लाईट येईल तेव्हा रोबोट. वैजनाथ आणि पुनमचं भांडण झालं, मिटवायचं रागिणीनं. तार जळाली, बोलणी खायची रागिणीनं. लीडर म्हणजे सगळ्यांचं ऐकायचं आणि आपलं कोणालाच सांगायचं नाही, एवढं तिला कळलं. सरांनी तोवर कापसाचं एक बोंड हातात धरलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, हळद काढायला येतो ना, माही अर्धी तेव्हा.

डिसेंबरात हिंगोलीला पहिला नंबर आला, जानेवारीत नांदेडला. वेशीपासून मिरवणूक निघाली. भाड्याच्या जीपच्या टपावर सर, गळ्यात हार. मागच्या सीटवर रागिणी तोंड उघडं टाकून झोपली होती. कोणीतरी उधळलेला गुलाल तिच्या तोंडात गेला, तरी तिला जाग आली नाही.

त्यानंतर ती विझली. पुस्तक उघडलं की ओळ सुरू व्हायची आणि मधेच कुठंतरी सांडून जायची. स्क्रू पिळायला पेचकस उचलायची आणि तसाच खाली ठेवायची. जेवण समोर निवायचं. शाळेतून आली की शेळ्यांच्या वाड्यात जाऊन बसायची, कोणी हाक मारली तरी तिसऱ्या हाकेला बघायची. सिंधूबाईनं, तिच्या आईनं, मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. मग वसमतच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, आजार काही नाही, लेकरू पार थकलंय, महिनाभर याला कशाला जुंपू नका. सिंधूबाईनं ते सरांना सांगितलं. सर म्हणाले की पुढच्या महिन्यात पुण्याला राज्याची स्पर्धा आहे, तेवढी होऊ द्या, मग झोपा म्हणावं.

सराव परीक्षेत रागिणीचा गणिताचा पेपर अर्धा कोरा. सरांनी तो वर्गात सगळ्यांना दिसेल असा धरला. मागं कपाटावर नांदेडची ढाल चमकत होती. मग तिला पुढं बोलावलं आणि हात दाखव म्हणाले. बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे, नखांत ग्रीस. सरांनी पट्टी हाणली.

"लीडरचे हात असे असत्येत व्हय? एक ढाल काय भेटली, टाळकं फिरलं. थकले म्हणून नाटक करून राहिली."

वर्ग हसला. शिवहार तेवढा खाली बघत होता. रागिणीला त्या दिवशी रडायचं होतं, ते राहूनच गेलं. वाड्यात शेळ्यांमध्ये बसल्या बसल्या कित्येक दिवसांनी तिचं डोकं चाललं, आणि ते एकाच दिशेनं चाललं. या माणसाला वाकलेला बघायचं. रूपकात नाही. खरोखरचा, कमरेतून वाकलेला.

ती हरिचंदमामाकडं गेली, मसाजीतात्याकडं गेली, शालूबाईकडं गेली. रडगाणं गायलं नाही. एवढंच विचारलं की माझी सावड फिटली का? फिटली, सगळे म्हणाले, वर झाली. आणि सरांची? त्यावर शालूबाईनं पानाची पिंक टाकली आणि म्हणाली की हळदीचा पाला कापून झाला, खांदणी लागली, तुझ्या मास्तराचं तोंड दिसलं न्हाई. निरोप दोनदा धाडला तर म्हणे मीटिंग हाय.

"मंग तुमची वस्तू तिथं काहून ठेवली?" रागिणी म्हणाली.

पुण्याला जायच्या आधी हिंगोलीहून शिक्षण खात्याचे साहेब रोबोट बघायला येणार होते. मंडप पडला, खुर्च्या मांडल्या. सरांनी नवी सफारी घातली होती. टेबलावर रोबोट, बाजूला हळकुंडांचा ढीग. सर भाषणाला उभे राहिले, आपण रात्रीचा दिवस कसा केला ते सांगू लागले. तेवढ्यात हरिचंदमामा पाना घेऊन सरळ टेबलापाशी आला.

"चालू द्या सर तुमचं. मी माही मोटर काढून नेतो."

मागून मसाजीतात्या बॅटरीला हात घालत होता. शालूबाईनं तर पट्टा सोडलासुद्धा. सर हसण्यावारी न्यायला बघत होते. साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय? मग रागिणी उठली आणि न अडखळता सांगितलं की या वस्तू सावडीवर आणल्या, अर्धी सावड माझी होती ती फिटली, अर्धी सरांची आहे ती फिटली नाही, म्हणून मालक आपापलं घेऊन चालले.

साहेबही कुठल्यातरी खेड्यातलेच असणार. त्यांना हसू आवरेना.

"सावड हाय व्हय? मंग फेडा की सर. आमच्याकडं यासाठी फंड न्हाई."

सगळा मंडप हसला. वर्ग हसला होता त्याच्या कितीतरी पट. टेबलावर उरली लाकडाची फळी आणि तिच्यावर चार भोकं.

दुसऱ्या दिवसापासून सर हळद खांदायला आले. न येऊन सांगतात कोणाला? पुण्याच्या स्पर्धेतून नाव जाणार, साहेब विचारणार. फेब्रुवारीचं ऊन, वावर वाळून घट्ट झालेलं. कुदळ मारायची, मातीतला हळदीचा गड्डा उचकटायचा, पुन्हा मारायची. मागून बाया गड्डे झटकत येत होत्या आणि सरांची मजा घेत होत्या. सर, हे फळ्यावरचं चित्र न्हाई, जोर लावा. सर, गड्डा काढून राहिले का त्याची शेंडी धरून राहिले? रागिणी बांधावरच्या बाभळीखाली बसायची. मटकी खायची आणि बघायची. तिला जेवण गोड लागायला लागलं ते तिथं. हे कोणाला वाईट वाटत असेल तर वाटो.

तिन्ही वावरं झाली. मालकांनी आपापल्या वस्तू इमानानं परत आणून दिल्या, शब्द म्हणजे शब्द. पुण्याची जीप शाळेपुढून निघून रागिणीच्या घरापुढं उभी राहिली. सर रागिणीला बोलवायला दारात आले. आवाज नरम होता. चल म्हणाले, सामान सगळं जागेवर आहे, जोडायचं तेवढं बाकी, ते तुझ्याशिवाय कोणाला येत नाही.

"हात दाखवा, सर," रागिणी म्हणाली.

मागं जीपमध्ये शिवहार, पुनम, वैजनाथ, दारात सिंधूबाई. सरांनी हळूहळू हात पुढं केले. तळव्यांवर फुटलेले फोड, नखं पिवळीजर्द.

रागिणीनं ते निरखून बघितले, पेपर तपासावा तसे.

"हां. आता लीडर तुमी व्हा," ती म्हणाली. "तुमची सावड त्याईच्यासंग होती, ती फिटली. माह्यासंग तुमची काहीच न्हाई."

सर सिंधूबाईकडं वळले, बाई, हिला समजावा. सिंधूबाई म्हणाली, डॉक्टरनं जुंपू नका म्हणून सांगितलंय, आणि तिनं शेळीला कडबा टाकला.

जीप गेली ती वसमतच्या नाक्यावरून परत आली, असं शिवहारनं नंतर सांगितलं. मोटर कुठल्या बाजूला बसते यावर सरांची आणि वैजनाथची वाटेतच जुंपली होती.

रागिणी तोवर भर दुपारची वाड्यात गाढ झोपली होती. गणिताचं पुस्तक उशाला होतं. उघडलेलं नव्हतं. परीक्षा पुढ्यात होती, ओळी अजून सांडतच होत्या, ते काही सरांच्या फोडांनी बरं होणार नव्हतं. पण झोप लागली होती, आणि सिंधूबाई दारात काठी घेऊन बसली होती, कोणी हाक मारायला आलं तर.