पाय हलवू नये

मी व्हॅन चालवते. पोरं शाळेत नेते, शाळेतून आणते. त्यांच्या डोक्यात काय शिरतं आणि काय नाय, तो माझा धंदा नाय, ते मास्तरांनी बघावं. हे आधीच सांगून ठेवते, कारण या भानगडीत मी तोंड घातलं. आणि घिवलीच्या जमनाचं तोंड एकदा उघडलं की काय होतं, ते बोईसरच्या मासळीबाजारात कोणालाही विचारा.

प्रियदर्शिनी कुंभवलीला चढायची. पाचवीतली, काडीसारखी, दोन वेण्या. बाप आनंदा कारखान्यात कंत्राटावर, आई शालन घरीच. माणसं सांगलीकडची, पोटासाठी इथं आलेली. पोरीचं नाव एवढं लांब की हाक मारेपर्यंत थांबा निघून जायचा, म्हणून गाडीत ती पिऊ.

ही पिऊ गाडी सुरू झाली की बोलायला लागायची. गप्पा नाय, धडे. नद्या, अपूर्णांक, सतराचा पाढा, सगळं तोंडपाठ. एमआयडीसीच्या रस्त्याचे खड्डे तुमाला काय सांगू, पण जेवढा खड्डा मोठा तेवढी हिची गाडी जोरात. मागच्या सीटवरचा निमेश सातवीतला, पण त्याचं गणित अडलं की तो हिलाच विचारायचा. मला वाटायचं, वर्गात पहिलीच येत असणार.

कसली पहिली! सहामाहीला तीन विषयांत नापास. तिच्या वर्गाचे दिपेश सर म्हणाले, "बेंचवर बसली की हिची वाचाच जाते. पेपर देते तो कोराच." मी मनात म्हटलं, सर, तुमचं काहीतरी चुकतंय. पण मला काय, मी व्हॅन चालवते.

मग आनंदा आणि शालननी डोकं चालवलं. पोरगी रोज गाडीत एवढा वेळ घालवते, अभ्यास कधी करणार? म्हणून त्यांनी शाळेच्या मागच्याच चाळीत खोली घेतली. भाडं जास्त, पण पोरीसाठी. घंटा झाली की चार पावलांत शाळा. दिवाळीनंतर पिऊची सीट रिकामी झाली.

मला बोलायचं होतं. जिभेवर आलेलं. पण "पोरीला माझ्याच गाडीत बसवा" असं मी म्हटलं असतं, तर कोणीही म्हणालं असतं की जमनाला गिऱ्हाईक सुटतंय म्हणून पोटात दुखतंय.

वार्षिकला पोरगी सपशेल आपटली. आता पाचवीला नियम आलाय. नापास झालं तर जूनमध्ये पुन्हा परीक्षा, तिथंही गेलं तर पाचवीतच बसायचं. तिच्या बेंचवरची स्वरा सहावीत जाणार आणि ही मागं राहणार. शाळेच्या गेटवर शालन मला हे सांगत होती तेव्हा तिचे डोळे सुजले होते. पिऊ बाजूला उभी राहून चपलेनं माती उकरत होती. मला तिच्याकडे बघवलं नाय.

मे महिन्यात शालनचा फोन आला. "ताई, पालघरला मुलांच्या मेंदूचा डॉक्टर हाय म्हणं. न्याल का गाडीतनं?"

शाळा बंद असली की मी गाडीत सुके बोंबील वाहते. त्या दिवशी मागं टोपल्या होत्याच. शालननी नाकाला पदर लावला. पिऊला कसलं काय, ती टोपल्यांच्या मधे बसली आणि गाडी हलल्याबरोबर सुरू. सात महिन्यांनी ऐकत होते मी. अपूर्णांकांची बेरीज, छेद समान करा, मग अंशांची बेरीज. एक चूक नाय.

शालनचा पदर खाली आला. "ही... ही आमची पिऊ बोलतीय?"

"मग काय माझे बोंबील बोलतात?"

पुढं वळणावर एक टँकर आडवा फसलेला. गाड्यांची ही रांग! मी इंजिन बंद केलं. पिऊ म्हणाली, "तीन छेद चार अधिक एक छेद..." आणि तिचा पाय हलायला लागला. गुडघा खालीवर, खालीवर. "एक छेद सहा म्हणजे..."

शालनचा हात झटकन गेला आणि गुडघ्यावर बसला. "पाय हलवू नकोस. किती वेळा सांगू?"

पोरगी गप्प. उत्तर ओठावर होतं, तिथंच मेलं. मी आरशातून बघत होते. तोंडाला कुलूप लागलेलं डोळ्यांनी बघितलं मी.

"शालन," मी म्हटलं, "हात काढ."

"आवं, बसल्या जागी पाय हलवल्यावर घरात दळिद्र येतं. लक्ष्मी जाती."

"काढ गं हात! उत्तर येऊ दे पोरीचं."

"तुमचं काय जातंय बोलाया!" शालन फणकारली. मग एकदम रडकुंडीला आली. "ह्यांची कंपनी बंद पडली तवा चार महिने बसून होते घरी. सासू म्हणाली, पोरगी पाय हलवती, म्हणून घर बसलं. तवापास्नं मी तिला हलू देत न्हाई. शाळंत सरांनाबी सांगून ठेवलंय. कंत्राटाचं काम, ताई. उद्या नको म्हणले तर खायाचं काय?"

आमच्याकडेही पाय हलवला की म्हातारी माणसं ओरडतातच. माझा नवरा बोटीवर जातो, अमावास्येला मी पण चार गोष्टी पाळते. हसायला तोंड नव्हतं मला. टँकर निघाला, गाडी हलली, आणि पिऊ मागून म्हणाली, "अकरा छेद बारा."

शालननी ते ऐकलं.

डॉक्टरनं जुलैची तारीख दिली. तोपर्यंत परीक्षा होऊन जाणार होती. मग मी बाजाराला निघाले की पिऊला घेऊन जायची. बोंबलांच्या वासात तिचा सगळा अभ्यास झाला. पण पेपर काय माझ्या गाडीत लिहायचा नव्हता. तो बेंचवर बसूनच लिहायचा, आणि बेंचवर पाय हलवायचा नाय.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दोघींना मी एमआयडीसीतून एक चक्कर मारून आणलं आणि शाळेत सोडलं. निघून जाणार होते, पण पाय निघेना. व्हरांड्यात शालनच्या बाजूला बसले. वर्गात इनमीन तीन पोरं, उकाड्यानं दार उघडं. पिऊ आमाला समोरच दिसत होती.

पेपर वाटले. बाकीची दोघं लिहायला लागली. पिऊनी पेन धरलं, प्रश्न वाचला, ओठ हलले. मग पेन थांबलं ते थांबलंच.

"आठवत नसंल," शालन पुटपुटली.

"खाली बघ," मी म्हटलं.

बेंचखाली पोरीचा गुडघा थरथरत होता. आणि तिचा डावा हात, तिचा स्वतःचा हात, त्या गुडघ्याला गच्च दाबून बसला होता. बोटं पांढरी पडलेली. आईचा हात जवळ नव्हता, म्हणून तिनंच आईचं काम हाती घेतलं होतं.

शालन उठली. मला वाटलं, रडायला कोपऱ्यात जातेय. ती दारात जाऊन उभी राहिली.

"अहो, आत यायचं नाही," दिपेश सर म्हणाले.

"येत न्हाई." आवाज वर्गभर ऐकू गेला. "पिऊ, हात काढ गुडघ्यावरनं. हलव पाय. हलव तुला हवा तेवढा. लक्ष्मीचं मी बघून घेते."

पोरगी आईकडे बघतच राहिली. मग हात उचलला. गुडघा सुटला, आणि मोडका बेंच खडखड खडखड वाजायला लागला. तिनं पेन टेकवलं. सरांनी एकदा शालनकडे बघितलं, एकदा बेंचकडे. मग खडूच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, घडी केली आणि वाकून बेंचच्या पायाखाली सरकवली. खडखड थांबली, पाय चालूच राहिला. पेपर संपेपर्यंत शालन दारातून हलली नाय.

पिऊ आता सहावीत हाय. खोली सोडली त्यांनी, परत कुंभवलीला आले, आणि तिची सीट भरली. कोणी म्हणेल, जमनाचं गिऱ्हाईक परत आलं. आलं तर आलं!

आनंदाचं कंत्राट दर काही महिन्यांनी संपायला येतं. तेव्हा शालन देवापुढं दिवा लावते आणि बराच वेळ हात जोडून उभी असते. पिऊ बाजूला अभ्यासाला बसलेली असते, गुडघा खालीवर, खालीवर. शालन तिकडे बघते. भिते अजून. पण हात लावत नाय.