गोधडीतली बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. वीज गेल्यावर अंधारात चाचपडत शोधतात ती नव्हे. मोटारीच्या पोटात बसून रोज सकाळी तिला जागं करणारी. शिशाची माझी हाडं, आम्लाचं माझं रक्त.

संगणकवाली मराठी मंडळी जपानच्या निशी-कसाई वस्तीत उतरू लागली, त्या वर्षांत श्रीहरीने एक वापरलेली गाडी घेतली आणि त्याच्या बायकोने, दिपालीने, मला हळदकुंकू वाहिलं. तिथला हिवाळा म्हणजे पुण्याच्या थंडीची थोरली बहीण. किल्ली फिरली की मी हुंकार द्यायची. "काय गुणाची आहे!" श्रीहरी म्हणायचा.

मग त्याची बदली साप्पोरोला झाली. तिथे बर्फ पडत नाही, मुक्कामालाच येतं. थंडीत माझी ताकद आखडते आणि इंजिनाचं तेल घट्ट होतं. म्हणजे दम कमी, ओझं जास्त. मी खोकू लागले.

श्रीहरीने उपाय काढला. रोज संध्याकाळी तो मला गाडीतून काढायचा, आईने शिवलेल्या गोधडीत गुंडाळायचा आणि हीटरजवळ निजवायचा. दिपाली भाजी चिरता चिरता गुणगुणायची,

बर्फाच्या गं गावा आली उन्हातली लेक
दमली गं बाई, तिला गोधडीचा शेक

मला मेलीला लाज वाटायची, पण ऊबही आवडायची.

दिपालीला गावाबाहेरच्या बालवाडीत काम मिळालं. सोमवार पहिला दिवस, आणि बस तिथवर जात नव्हती. रविवारी ती रस्ता पाठ करायला गाडीत बसली. किल्ली फिरवली. मी 'टक्' केलं आणि डोळे मिटले.

"उद्या हिने असंच केलं तर?" ती म्हणाली. "किती वाट बघून काम मिळालंय, श्रीहरी!"

तो लगेच कामाला लागला. शेजाऱ्यांच्या मुलांची घसरगाडी मागून आणली, मला गोधडीसकट तीत ठेवलं आणि दोघं बर्फातून बॅटरीच्या दुकानाकडे निघाली. वाटेत एक आजीबाई थांबल्या. "कावाई!" म्हणत, बाळाच्या कौतुकाने त्यांनी गोधडीचं टोक उचललं. आत मी! एका कानाशी अधिक, दुसऱ्या कानाशी उणे. आजीबाई कमरेत वाकून माफी मागत निघून गेल्या. दिपाली हसता हसता बर्फातच बसली.

दुकानदार मोरी-सान यांनी माझी लांबी-रुंदी घेतली, तारा कुठल्या बाजूला ते पाहिलं. अगदी बघण्याचा कार्यक्रम! फक्त इथे मला समोर बसवून माझीच सवत निवडत होते.

श्रीहरीने माझ्या जुळ्या बहिणीवर बोट ठेवलं. "हीच घेऊ. निशी-कसाईत कधी कुरकुर नाही केली."

"निशी-कसाईत तू जानेवारीत चपला घालून भाजीला जायचास," दिपाली म्हणाली. "आज पायात काय आहे?"

श्रीहरीने खाली पाहिलं. गुडघ्यापर्यंत बूट. मराठीचा गंध नसलेल्या मोरी-साननीही वाकून बूट पाहिले, आणि थंड मुलखाची बॅटरी पुढे ठेवली. अंग माझ्याच मापाचं, दम कितीतरी मोठा.

"हीच!" दिपाली म्हणाली.

जुनी बॅटरी दुकानातच ठेवून घेतात. निघताना दिपालीने पर्समधल्या डबीतलं कुंकू मला लावलं.

"हे गंज चढू नये म्हणून का?" मोरी-साननी विचारलं.

"हाय, हाय," म्हणजे 'हो, हो' म्हणत श्रीहरीने मान डोलावली.

सोमवारी सकाळी दुकानाच्या काचेतून मी पाहिलं. आमची गाडी ऐटीत गेली. दिपाली चालवत होती, आणि तिच्या गुडघ्यांवर माझी गोधडी होती.

मित्रांनो, जुन्याला जरूर जपा. पण कुणाचा पहिला दिवस त्याच्या थकल्या खांद्यावर टांगू नका. माझं शिसं वितळवून म्हणे नवी बॅटरी करणार आहेत. लवकर करा बाबांनो. इथे फार गारठा आहे, आणि गोधडी कामावर गेली आहे.