समता स्पोर्टिंग, उदगीर

पंचशीलानं दोरीवरची निळी जर्सी ओढून काढली, भिंतीवर दोनदा आपटली आणि धूळ उडून गेल्यावर उलटी करून पुन्हा उन्हात टाकली. धुवायला पाणी नव्हतं. त्या उन्हाळ्यात उदगीरच्या भीमनगरात कपडे असे झटकूनच स्वच्छ व्हायचे. ती पुढच्या जर्सीला हात घालणार, तोच गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि शरणप्पा शेठ उतरले. तेलगिरणीचे मालक. निवडणूक सोडली तर ते या गल्लीत कधी कुणाला दिसले नव्हते.

अंगणातल्या बाजेवर तिचे सासरे निवृत्ती फुटबॉलच्या चामड्याला तेल चोळत बसले होते. ते उठले नाहीत. पाय आवरून त्यांनी जागा तेवढी केली.

"या शेठ. बसा."

"शेठ कशाला, उस्ताद? तुमच्याच हाताखाली शिकलो. चार दिवस का होईना."

"चार दिवसच. दम न्हवता तुमच्यात."

"दम होता हो," शरणप्पा बसत म्हणाले, "बापानं येऊ दिलं न्हाई."

निवृत्ती पुन्हा चामड्याला तेल चोळू लागले. पंचशीला आत गेली, तळाला गेलेल्या कळशीतून कपभर पाणी काढून तिनं चहा ठेवला आणि दाराआड उभी राहिली.

शरणप्पा सांगत होते. लातूर वेगळा जिल्हा झाला त्याला चार वर्षं होत आली. यंदा पावसाळ्याआधी जिल्ह्याची मोठी स्पर्धा भरणार होती. उदगीरमधून एक त्यांच्या गिरणीची टीम आणि एक भीमनगरची समता, अशा दोन टीम गेल्या तर दोन्ही हरणार. त्यापेक्षा एकच पाठवू. बूट नवे, जर्सी नवी, नाव गिरणीचं. कोच मात्र उस्तादच.

"आन् समता?" निवृत्तींनी विचारलं.

"समता हायेच की. मनात."

चामड्यावरचा हात थांबला. शरणप्पांनी आवाज खाली आणला.

"टँकर माझ्या विहिरीवर भरतो, उस्ताद. तुमच्या वस्तीत शेवटी येतो, तवर बुडाला गाळ ऱ्हातो. मला बी बरं वाटत न्हाई. तुमी हाव म्हणा. गिरणीच्या मैदानावर आलाव की त्या दिसापासून पयला हितं येईल."

निवृत्तींनी दारापाशी पालथ्या घातलेल्या घागरींकडे पाहिलं. मग चहा घेऊन बाहेर आलेल्या सुनेच्या हातातल्या कपांकडे पाहिलं. पहाटे रेल्वे क्वार्टरच्या नळावरून दोन खेपा करून आल्यामुळे तिची मान अजून एका बाजूला धरली होती.

"रोज?"

"रोज."

"जबान दिली," निवृत्ती म्हणाले.

चहा न पिता शरणप्पा उठले, मग काय वाटलं कोण जाणे, परत बसले आणि पूर्ण कप पिऊन गेले.

पंचशीला भोकरची. लग्न होऊन या घरात आली तेव्हा फुटबॉल म्हणजे काय हे तिनं पाहिलंही नव्हतं. आठवड्याभरानं निवृत्ती म्हणाले, "चल माय, मैदानावर." सासू भामाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "नवी सून मैदानावर? लोक काय म्हनतील?"

"लोकांनी मला बी येऊ दिलं न्हवतं," निवृत्ती म्हणाले. "म्हणून तर जायचं."

निजामाच्या राज्यात, उदगीर बीदर जिल्ह्यात असताना, किल्ल्याजवळच्या त्या मैदानावर मोठ्या घरची पोरं फुटबॉल खेळायची. लहानग्या निवृत्तीला एवढीच परवानगी होती, की बॉल नाल्यात गेला तर उतरून काढायचा आणि काठीनं वर ढकलायचा. पुढे ते सिकंदराबादेत रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे कामगार झाले. तिथे एका तेलुगू फोरमननं त्यांच्या पायात फुटबॉलचे बूट घातले. धर्मांतराच्या दुसऱ्या वर्षी ते गावी आले, तेव्हा जिल्हा उस्मानाबाद झाला होता. वस्तीतली पोरं गोळा करून त्यांनी क्लब काढला आणि नाव ठेवलं समता. मध्यंतरात दोन्ही टीमसाठी एकच घागर आणि एकच पेला, हा त्यांचा नियम. सुरुवातीची कितीतरी वर्षं समोरच्या टीम तहानलेल्याच परत जायच्या. निवृत्ती घागर भरून ठेवायचे ते ठेवायचेच.

पंचशीलाला ऑफसाइड त्यांनी शिकवला, तो चुलीपुढे कांदे मांडून. हा आपला गडी, हा त्यांचा, हा मागचा, आता बॉल सुटला बघ. तिला तो कळायला वेळ लागला, पण एकदा कळल्यावर ती रेफ्रीच्या आधी ओरडू लागली. मैदानाभोवती हसणारे लोक एका वर्षात हसायचे थांबले. दुसऱ्या वर्षी तर काहीजण शिट्टी झाली की आधी तिच्याकडे पाहू लागले.

आणि आता त्याच माणसानं दोन शब्दांत क्लब देऊन टाकला होता.

संध्याकाळी तिचा नवरा देविदास डेपोतून घरी आला. त्यानं हातपाय न धुताच सगळं ऐकलं. तो एसटीत हेल्पर होता आणि समताचा बॅक, मागं राहून गोल राखणारा. वडिलांसमोर तो कधी बोलत नसे. आजही भिंतीला टेकून गप्प बसला. बोलली पंचशीला.

"मामा, जबान कुणाची दिली तुमी? तुमची का क्लबची?"

"दोनी येकच."

"न्हाईत येक. तुमीच सांगत आलाव."

"तुझ्या डोक्यावरची घागर बघून दिली, बाई."

"माझ्या डोक्यावरची घागर हाय. मला इचारायचं की."

भामाबाईंनी भाकरी तव्यावर टाकता टाकता हात रोखला. या घरात निवृत्तींना असं कुणी बोललं नव्हतं. निवृत्तींनी ताट बाजूला सारलं.

"मी जबान मोडत न्हाई," ते म्हणाले. "पोरांवर जबरदस्ती न्हाई. ती आली तर आली. मी जाणार."

दुसऱ्या दिवशी मैदानावर सगळी पोरं जमली. निम्मी रोजगार हमीच्या खडीवरून तशीच आली होती, भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी. पंचशीलानं जर्सीचं गाठोडं मधोमध सोडलं आणि काय झालं ते सांगितलं. टीमचा मधला गडी व्यंकट म्हणाला, "उस्तादच तिकडं गेले तर आपुन काय करायचं हितं, वहिनी?"

"खेळायचं."

"शिकवणार कोन?"

"तीस वर्सं शिकवलं त्यांनी. ते कुठं गेलं?"

कुणी हललं नाही. नव्या बुटांचं आमिष थोडं नव्हतं. व्यंकटच्या पायातले बूट सुतळीनं बांधलेले होते. मग देविदास पुढं आला, गाठोड्यातून आपली जर्सी शोधून अंगात घातली आणि बॉल घेऊन एकटाच पळू लागला. थोड्या वेळानं व्यंकट शिवी हासडून त्याच्या मागं गेला. तिघे मात्र मान खाली घालून गिरणीच्या टीमकडे गेले. पंचशीलानं त्यांना अडवलं नाही.

पण पाण्याचं काय, हे तिला सोडवायचंच होतं. तिच्या हट्टापायी वस्तीचा टँकर गेला असता तर तिला गल्लीत तोंड दाखवायला जागा नव्हती. ती बायकांना घेऊन शरणप्पांच्या विहिरीवर गेली. गुडघे दुखत असूनही भामाबाई सगळ्यांत पुढे होत्या. टँकर भरून निघाला तशा सगळ्याजणी त्याच्या चाकांपुढे बसल्या.

"टँकर सरकारचा," पंचशीला गिरणीच्या मुनीमाला म्हणाली. "विहीर बी दुष्काळापुरती सरकारनं घेतलेली. मग पाळी ठरवणारे तुमी कोन?"

"शेठला इचारतो."

"शेठला कशाला? तहसीलदाराला बोलवा. आमी बसून ऱ्हातो."

दुपार टळल्यावर तहसीलचे एक साहेब आले, उन्हावर आणि बायकांवर चिडले आणि वस्त्यांची पाळी बदलत राहील असं तोंडी सांगून गेले. दुसऱ्या दिवशी टँकर भीमनगरात पहिला आला. साहेबांच्या हुकमानं आला की निवृत्तींच्या जबानीनं, यावर गल्लीत वाद झाला. निवृत्ती त्याच सकाळी पहिल्यांदा गिरणीच्या मैदानावर गेले होते.

"दोगांमुळं आला म्हना," भामाबाई म्हणाल्या, "आन् घागरी लावा आधी."

पुढचा महिनाभर त्या घरातून सकाळी दोन माणसं दोन मैदानांवर जात राहिली. जेवताना निवृत्ती फुटबॉलबद्दल एक शब्द काढत नसत. पंचशीला त्यांना आधीसारखीच वाढत होती, मामा म्हणत होती, पण काहीच विचारत नव्हती. एकदा देविदासनं सहज विचारलं, "तिकडची पोरं कशी हायत?" तर निवृत्ती म्हणाले, "ते तुला सांगितलं तर शेठशी बेइमानी हुईल."

लातूरच्या मैदानावर गवताचं नाव नव्हतं. सेमीफायनलला दोन्ही टीम समोरासमोर आल्या. एका बाजूच्या बाकावर निवृत्ती बसले होते, शेजारी शरणप्पा. दुसऱ्या बाजूला बाकच नव्हता. पंचशीला निळं लुगडं नेसून रेषेजवळ उभी होती. मैदानात ती एकटीच बाई.

खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात तिच्या लक्षात आलं. गिरणीचा प्रत्येक हल्ला देविदासच्या डाव्या अंगानं येत होता. देविदासचा डावा पाय कच्चा आहे हे जगात फक्त घरच्या माणसांना ठाऊक होतं. तिसऱ्या वेळी तो डाव्या बाजूला वळताना अडखळला आणि गोल झाला.

पंचशीलानं समोरच्या बाकाकडे पाहिलं. शरणप्पा उभे राहून टाळ्या वाजवत होते. निवृत्ती दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले होते. पोटच्या पोराची उणी बाजू सांगितली यांनी! आणि लगेच तिला हेही कळलं की न सांगते तर ते निवृत्ती नव्हते. ज्या टीमला शिकवायचं तिला पूर्ण शिकवायचं. मग आपणही मागं का राहायचं? त्यांना आपण ओळखत नाही का?

ती ओळखत होती. एका गोलनं पुढं गेल्यावर उस्ताद आपले गडी हळूहळू मागं ओढून घेतात, ही त्यांची जुनी सवय. दुसऱ्या हाफात तसंच झालं. गिरणीच्या पोरांनी गोलपुढं भिंत केली आणि मैदानाचा मधला भाग मोकळा पडला. देविदास मात्र सवयीनं मागंच उभा होता, राखायला. तिथं राखण्यासारखं आता कुणी येत नव्हतं. ती दोनदा "अवो, अवो" म्हणून ओरडली. त्या गलक्यात कुठलं ऐकू जाणार! वेळ संपत आली होती.

"देविदास!"

नवऱ्याचं नाव तिनं आजवर फक्त उखाण्यात घेतलं होतं. मैदानाभोवती हशा उसळला. कुणीतरी शिट्टी मारली.

"देविदास, पुढं जा! मागं कोनी न्हाई, पुढं जा!"

देविदासनं चमकून तिच्याकडे पाहिलं आणि धावत सुटला. व्यंकटनं बॉल दिला तेव्हा तो गोलपासून बराच लांब होता. त्यानं उजव्या पायानं जीव खाऊन मारला. बॉल कुणाच्या तरी खांद्याला लागला, दिशा बदलून आत गेला. हशा थांबला होता. पंचशीलाच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि तो तिनं तसाच राहू दिला.

बरोबरी झाली, जादा वेळ मिळाला. पण महिनाभर खडी फोडलेली पोरं होती ती. एकामागून एक त्यांच्या पायांत गोळे आले. व्यंकट तर रेषेबाहेर आडवा झाला. गिरणीनं दुसरा गोल केला आणि समता हरली.

संध्याकाळच्या उदगीर गाडीत पोरं मागच्या सीटांवर कोंबून बसली होती. हरल्यासारखी ती दिसत नव्हती. पत्र्यावर ताल धरून क्लबचं नाव ओरडत होती, कंडक्टर दम देत होता. गाडी निघता निघता निवृत्ती चढले. शेठनं जीपमध्ये बसायचा आग्रह केला होता, तो त्यांनी मोडला असावा. त्यांना पाहून पोरांचा आवाज बसला. देविदास उठला आणि वडिलांना पंचशीलाच्या शेजारी जागा करून दिली.

बाभळगाव मागं पडलं.

"देविदासला लवकर पुढं काढायचा होता," निवृत्ती समोर पाहत म्हणाले. "माझी पोरं इंटरवलनंतर लगेच मागं आली होती. जादा वेळेत तुमचे पाय जाणार, हे मला ठाव होतं."

"हाव," पंचशीला म्हणाली. "उशीर झाला मला."

"नाव घ्यायला लाजलीस."

खिडकीतून धूळ येत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "शेठला जबान किती दिवसाची दिलीय?"

"यंदाच्या स्पर्धेपुरती. फायनल झाली की सुटलो." ते थांबले. मग जरा चाचरत म्हणाले, "पावसाळ्यानंतर मैदानावर यावं म्हणतो. आपल्या."

पंचशीलानं मागं वळून पोरांकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे.

"या की," ती म्हणाली. "पोरांना इचारून सांगते."

निवृत्तींनी मान हलवली. एखाद्या नव्या गड्यानं हलवावी तशी.