वळणावरचे दहा पिंजरे

माझा नवरा, म्हणजे आमचे हे, गेले त्याला नऊ दिवस झाले होते आणि ह्यांचे खेकड्याचे दहा पिंजरे अजून नदीत होते.

गेले ते सकाळी, खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधताना. मी आतून ओरडले, "निघायचंय की नाडीच बांधत बसायचंय?" उत्तर आलं नाही. मला उत्तर द्यायचं नाही ही हिंमत ह्यांनी जन्मात केली नव्हती, म्हणून हात पुसत बाहेर आले. तेव्हापासून मला काही होत नाही. भूक लागते, झोप लागते, पण ते सगळं शेजारच्या घरात चालल्यासारखं. नणंद चार दिवस राहायला होती. "रड गं वहिनी, मोकळी हो," म्हणत पाठीवरून हात फिरवत बसायची. शेवटी तिला बरं वाटावं म्हणून मी कांदे चिरायला घेतले.

पिंजरे मात्र डोक्यातून जात नव्हते. आमच्या नदीला समुद्राचं पाणी येतं आणि जातं. भरतीला ती नदी असते, ओहोटीला नुसता चिखल. वरच्या अंगाला एक वळण आहे, तिथे मिळतो तसा खेकडा दुसरीकडे मिळत नाही, आणि ते वळण आमचं. कागद नाही, सही नाही. नदीवरचा रिवाज एवढाच, की ज्याचे पिंजरे त्याचं पाणी, आणि दुसऱ्याच्या पिंजऱ्याला कोणी हात लावायचा नाही. पण एक उधाण संपायच्या आत घरच्या माणसाने ते उचलून, नवं आमिष भरून परत टाकले नाहीत, तर जागा मोकळी. मग जो आधी टाकेल त्याची. माणूस आजारी पडो नाहीतर मरो.

हे धरायचे आणि मी बाजारात विकायची. चाळीस वर्षं मी घसा फोडून सांगितलं की माझा खेकडा वळणावरचा आहे. वळण गेलं तर दुसऱ्यांनी धरलेला माल घेऊन मला बसावं लागणार. त्यापेक्षा मी घरी बसेन, आणि मी घरी बसले तर घरातल्या बाकीच्यांचं काय होईल ते त्यांनाच विचारा.

मुलगा बर्फाच्या कारखान्यात आहे. लहानपणी एकदा खेकड्याने त्याचा अंगठा धरला, तो अंगठा अजून पाहुण्यांना दाखवतो. मला म्हणाला, "आई, जाऊ दे ना ते वळण."

"बापाला जाऊ दिलं, आता वळणही जाऊ देऊ?" मी म्हटलं. तो डबा घेऊन कामावर निघून गेला.

राहिली सून. ती शिलाईचं काम करते. सुट्टीच्या दिवशी "जरा बाहेर जाऊन येते" म्हणून जायची आणि नखांत चिखल घेऊन परत यायची. सासऱ्याबरोबर नदीवर जाते हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी ह्यांना म्हटलंही होतं, "सून घरात हाताशी यावी म्हणून आणली, तुमच्या टबात बसवायला नाही." हे हसले आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा तिला घेऊन गेले. टब म्हणजे ह्यांची कयाक. गुडघे गेल्यावर लाकडी होडी ओढवेना, तेव्हा मुलाने ही प्लास्टिकची लांबोडकी आणून दिली, दोन माणसांची. पुढच्या जागेत पिंजरे, मागे हे, हातात दोन तोंडांचं वल्हं आणि पाठीमागे गळाची काठी खोचलेली.

नवव्या दिवशी उधाण संपत होतं. मी सुनेला म्हटलं, "चल. मी पण येते. घरचं माणूस पाहिजे."

भरतीचा तक्ता आमच्या स्वयंपाकघरात टांगलेला असतो. त्यावर वेळ छापलेली असते ती नदी समुद्राला मिळते तिथली. वळणावर पाणी त्यानंतर दीड तासाने भरतं, हे आमच्या घरात झोपेतून उठवून विचारलं तरी कोणीही सांगेल. मी तक्त्यावर बोट ठेवलं. शिसपेन्सिलीने लिहिलं होतं, आठ दहा. दीड तास मिळवला. नऊ चाळीस.

"आई, आठ दहा ही बाबांनी मिळवून लिहिलेली वेळ आहे," सून म्हणाली. "छापलेली ती बाजूला. सहा चाळीस."

"या घरात तुला किती वर्षं झाली?"

"सहा."

"मी चाळीस वर्षं त्या तक्त्याखाली भांडी घासतेय."

तिने वल्हं उचललं. छापलेले आकडे फार बारीक होते. चष्मा कपाटात होता आणि तो तिथेच बरा होता.

कयाकमध्ये मला तिने पुढे बसवलं, पिंजऱ्यांच्या जागी. "आई, हलू नका."

"मी काय नाचतेय?"

थोडं गेल्यावरच मला दिसलं. पाणी थांबलेलं असायला हवं होतं, ते आमच्या अंगावर धावत येत होतं. काठाचे दगड हातभर ओले उघडे पडले होते, म्हणजे भरती कधीच होऊन गेली होती. मी पाहिलं. तिनेही पाहिलं असणार. मधल्या धारेत वल्हं पुरेना म्हणून तिने कयाक काठच्या उथळ पाण्यात घेतली. केलं ते बरोबरच. पण उधाणाची ओहोटी म्हणजे, अंगाखालची चादर कोणी ओढून घ्यावी तसं पाणी जातं. वळण पन्नास हातांवर असताना बूड घासलं आणि आम्ही थांबलो.

सुनेने वल्हं चिखलात रोवून पाहिलं. अर्धं आत गेलं.

"उतरायचं नाही," ती म्हणाली. "कमरेपर्यंत जाऊ."

"मग?"

"पाणी परत येईपर्यंत बसायचं. पाच वाजतील."

तेव्हा पावणेअकरा झाले होते.

मुलाचा फोन आला. "कुठे आहात?" मी सांगितलं. "चिखलात? आई! कोणाला पाठवू का?"

"पाठव. ज्याला चिखलावरून चालता येतं असा कोणी असेल तर दोन पाठव." तो काहीतरी बोलत राहिला, मी फोन सुनेच्या हातात दिला.

मग ऊन आणि चिखल. पाणी पार खाली गेलं, वळणाकडून येणारी एक नाली तेवढी वाहत राहिली, आमच्यापासून वीसेक हातांवर. ह्यांचे पिंजरे एकेक करून उघडे पडले. खुणेसाठी दोरीला बांधलेले तरंगते पिवळे डबे चिखलावर आडवे. आतले खेकडे दिसत होते. बरेच दिवस उचलला नाही की पिंजऱ्यातला मोठा बाकीच्यांना खातो, हे मला माहीत आहे. ह्यांनी शेवटी बांधलेल्या गाठी त्या दोऱ्यांना होत्या. मी त्या गाठींकडे बघत होते आणि मनात येत होतं, की टोपी आणायला पाहिजे होती.

सुनेने आमिषाचा डबा उघडला. "आई, हा रिकामा आहे."

बर्फात ठेवलेली माशांची डोकी मीच तिसऱ्या दिवशी फेकून दिली होती. का, ते आठवत नाही. डबा न बघता उचलला होता. रिकामे पिंजरे टाकले तर ते टाकल्यात जमा होत नाहीत.

"फेकली मी," मी म्हटलं.

तिने कपाळावर हात मारला नाही, उसासाही टाकला नाही. मागून काठी काढली, गळाला प्लास्टिकचा खोटा मासा लावला आणि बसल्या जागेवरून नालीत फेकला. मी मान वळवून बघत होते. हळू ओढायची, थांबायची, मनगटाला एक हिसका द्यायची, पुन्हा ओढायची. मनगटाचा हिसका ह्यांचा होता, हुबेहूब. तासभर काही नाही. आणखी अर्धा तास नाही.

"बाबा इथे बसून तुमची नक्कल करायचे," ती एकाएकी म्हणाली.

"कसली?"

"बाजारातली." तिने आवाज चढवला. "'ए, बोटं लावू नकोस, तो काय कापड आहे? आधी भाव ऐक, मग हात लाव!'"

"वाईट करतेस."

"ते चांगली करायचे."

"मला कधी दाखवली नाही."

"त्यांना घरात राहायचं होतं," सून म्हणाली.

हसायची जागा होती. मी हसले, पण ते तोंडाच्या तोंडातच.

त्यानंतर काठी वाकली. तिने घाई केली नाही. मासा चिखलावरून घसटत, शेपूट आपटत आला, हातभर लांबीचा. तो तिने माझ्या मांडीवर दिला. कंबरेची सुरी मी नेहमी बरोबर ठेवते, ते माझं काम. डोक्याचे दोन, अंगाचे सात, शेपूट एक. दहा झाले. वल्ह्याच्या पात्यावर कापले तरी एक तुकडा लहानमोठा नाही.

पाच वाजायला आले तेव्हा नालीतलं पाणी उलटं वाहू लागलं आणि त्याच्या मागून इंजिनाचा आवाज आला. बगळा. खरं नाव आठवायला त्याच्या बायकोलाही वेळ लागेल. लांब पाय, लांब मान, आणि दुसऱ्याच्या पाण्याकडे टक लावून उभं राहायची सवय. त्याच्या होडीत सहा पिंजरे होते, आमिष भरून तयार.

त्याने इंजिन बंद केलं. "वहिनी, इथे कुठे? हवा खायला?"

"तुझी वाट बघत होते. उशीर केलास."

"ओहोटीत बसलात वाटतं."

"बसायला जागा चांगली मिळाली."

तो हसला, मग टोपी काढली. "दादांचं वाईट झालं. घरी येऊन गेलो मी."

"आठवतंय. दोनदा चहा घेतलास."

"तुमचे पिंजरे तुम्ही उचला, मी हात लावणार नाही. पण पुढे टाकणार कोण, ते सांगा. पोरगा?"

हे विचारायचा त्याला हक्क होता. आणि मी घरून ठरवून आले होते की 'हो, पोरगा' म्हणायचं. ते खोटं फार तर पुढच्या उधाणापर्यंत चाललं असतं. सून माझ्या पाठीमागे होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

"ही," मी म्हटलं.

"सूनबाई?" बगळ्याने चिखलाकडे पाहिलं, कयाककडे पाहिलं. "रागावू नका वहिनी. ज्याला वळणाची वेळ कळत नाही त्याच्याकडे वळण ठेवू नये, असं दादाच म्हणायचे. उधाणाच्या ओहोटीत हिने तुम्हाला इथे आणून बसवलं. उद्या एकटी अडकली तर काढायला मलाच यायचंय. वळण मी धरतो. खेकडा तुम्हालाच विकायला देईन, तुमची शपथ."

मागून सून म्हणाली, "चुकलंच माझं, काका. वेळ बघताना मी..."

"गप्प बस," मी म्हटलं.

परक्यासमोर सासूची चूक आपल्या अंगावर घ्यायची, हे तिने बरोबर केलं. घेतली नसती तर घरी जाऊन मीच तिला फाडून खाल्लं असतं. पण तिने ती घेतली की वळण गेलं.

"वेळ मी काढली," मी बगळ्याला सांगितलं. "ह्यांनी दीड तास मिळवून लिहिलेली होती. मी त्यात आणखी दीड मिळवला. हिने मला तक्त्यापुढेच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. छापलेलं मला दिसत नाही."

बगळ्याची मान आणखी लांब झाली. "तुम्ही? दोनदा मिळवला?"

"दोनदा."

"बाजारात सांगू?"

"न सांगता राहशील? पोट फुगून मरशील."

तो मांडीवर थाप मारून हसला. एरवी मी त्याला त्याच पाण्यात बुडवला असता. त्या दिवशी त्याचं हसणं आलं आणि अंगावरून गेलं. मग तो एकदम थांबला आणि माझ्या डोक्यावरून मागे बघत त्याने विचारलं, "परवा सकाळी इथे पाणी कधी थांबेल गं?"

"पावणेदहाला," सून म्हणाली. "खालून वारा असला तर दहा मिनिटं उशिरा."

बगळा बोटांवर काहीतरी मोजत बसला. मोजून झाल्यावर त्याने टोपी घातली. "गाळ वाढलाय या बाजूला. येताना मधल्या धारेने येत जा," असं म्हणून इंजिन चालू केलं आणि सहा पिंजरे जसे आणले तसे घेऊन खाली निघून गेला.

थोड्या वेळाने आमच्या बुडाखाली पाणी आलं, कयाक एकदा डुलली आणि सुटली. सुनेने पहिला पिवळा डबा धरला. मी दोरी ओढायची, तिने दार उघडून खेकडा काढायचा आणि माशाचा तुकडा भरायचा. प्रत्येक पिंजऱ्यात एखाददुसरा दांडगा नर आणि बाकी नुसती कवचं, पायांचे तुकडे. एका पिंजऱ्यात पोटाखाली अंडी धरलेली मादी निघाली, ती कशी वाचली कोण जाणे. सुनेने मला न विचारता ती सोडून दिली. ह्यांच्या गाठी सुटेनात, तेव्हा तिने त्या तशाच राहू दिल्या.

नऊ टाकून झाले. ऊन उतरलं होतं.

"आई, हा शेवटचा. कुठे टाकू?"

"मला काय विचारतेस? टाक."

तिने थोडं वल्हवलं, खाली पाहिलं, आणखी थोडं वल्हवलं आणि मान हलवली. मी पिंजरा सोडला. दोरी ओली, गार, हातातून सरकत गेली आणि तळ लागल्यावर थांबली. मला काही वाटतंय का, ते मी थांबून पाहिलं. पाय गार पडले होते, एवढंच. मागून वल्ह्याचा आवाज सुरू झाला आणि मी मांडीवरचा माशाचा खवला नखाने काढत बसले.