व्यवसायाचा रकाना

"निवृत्त हा काही धंदा नाही हो. निवृत्त व्हायच्या आधी वडील काय करायचे?"

"वॉचमन होते. सांगितलं ना एकदा!" फोनपलीकडचा मुलगा वैतागला होता.

"आणि त्याआधी?"

"रंगाच्या कारखान्यात. पंधरा वर्षं."

कारकुनांनी ते लिहून घेतलं आणि समाधानाने फोन ठेवला. कॅन्सर-नोंदणीच्या त्या ऑफिसात त्यांना सगळे 'त्याआधीसाहेब' म्हणत. कामाच्या जागच्या धुळीने, धुराने, रसायनांनी दरवर्षी किती जणांना कॅन्सर होतो याचा अंदाज इथल्या डॉक्टरबाई बांधत, आणि तो अख्खा अंदाज फॉर्मातल्या 'व्यवसाय' या एका रकान्यावर उभा होता. हॉस्पिटलवाले तिथे 'निवृत्त' खरडून मोकळे होत. मग हे घरोघरी फोन लावून लोकांचं डोकं खात बसत.

गठ्ठ्यातला पुढचा फॉर्म त्यांच्या बायकोचा होता. तिला जाऊन तीन आठवडे झाले होते.

डॉक्टरबाईंनी तो पटकन ओढून घेतला. "हा मी भरते. तुम्ही चहा घेऊन या."

"नको. सगळ्यांना विचारतो तसंच मला विचारा."

बाई अवघडल्या. "वहिनी काय करायच्या?"

"घर सांभाळायची."

"त्याआधी?"

"कॉलेजात होती."

बाईंनी पेन टेकवलं, तसे ते म्हणाले, "थांबा. लग्नानंतर चार वर्षं मी पत्र्यांच्या कारखान्यात होतो. अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे. पांढराफटक होऊन घरी यायचो. ती म्हणायची, पिठाच्या डब्यात पडलात की काय? मग दारात उभी राहून माझा शर्ट झटकायची. रोज."

बाईंनी आजाराच्या रकान्याकडे पाहिलं. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. तो अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने होतो, हे या खोलीत कुणाला सांगायची गरज नव्हती.

"मी ठणठणीत आहे," ते म्हणाले. "दरवर्षी छाती तपासून घेतो ना! तिला सोबत न्यायचो. बाहेर बाकावर माझी पिशवी सांभाळत बसायची. तिलाही आत न्यावं, हे एकदाही सुचलं नाही मला."

"पण आपल्या मोजणीत फक्त कामगार येतात," बाई हळूच म्हणाल्या. "घरच्यांसाठी..."

"ठाऊक आहे. नियम मीच टाइप केलेत. गृहिणी लिहा."

बाईंनी लिहिलं. कारकुनांना नियमाचा राग आला, बाईंच्या सुबक अक्षराचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

दुपारी त्यांनी पुढचा नंबर लावला. वारलेला माणूस वीस वर्षं बॉयलरच्या पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळायचा. फोनवर त्याची बायको होती. सगळे रकाने भरून झाले, तरी त्यांनी फोन ठेवला नाही.

"ताई, त्यांचे कामाचे कपडे कोण धुवायचं?"

"मीच की! दुसरं कोण धुणार?"

"मग एकदा छातीचा फोटो काढून घ्या. आमच्या ऑफिसच्या दवाखान्यात पैसे पडत नाहीत."

"मला काय धाड भरलीय? आणि एवढ्या लांब मला नेणार कोण?"

"मी येतो न्यायला. मंगळवारी मोकळ्या आहात?"



"मोकळीच असते हो आता," ती म्हणाली. "कधीही या."